सीडीला भोकं पडलीयत! संग्रह वाचवायचा कसा?

तबकडीवाला

परवा रात्री बऱ्याच वर्षांनी सीड्यांचं खोकं उघडलं. बासरीची एक आवडती सीडी लावली. पहिली सहा गाणी झकास. सातव्यात मध्येच 'टक्' झालं, आठव्यात तर बासरी अडखळायलाच लागली. ओरखडा असेल म्हणून काढून पाहिली, तर खालची बाजू आरशासारखी स्वच्छ. सहज दिव्यासमोर धरली आणि कडेच्या बाजूला चक्क चांदणं दिसलं. बारीक बारीक भोकं, आरपार प्रकाश येतोय.

मग झोप गेलीच. रात्री दोनपर्यंत एकेक काढून दिव्यासमोर धरत बसलो. एकूण ३४० आहेत. त्यातल्या तीनशेच्या आसपास विकत घेतलेल्या, बाकीच्या घरी राइट केलेल्या. तीसेक सीड्यांत कमीजास्त ठिपके सापडले, दोन कडेनं तपकिरी झाल्यात. ही काय भानगड आहे? बाकीच्यांनाही लागण होईल का? आणि आता सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचं तर कसं, की एकदाच मेहनत करून विषय संपेल? जाणकारांनी कृपया सांगावं.

जुना रेडिओ

वाचतोय. माझ्याकडे दोन कपाटं भरून आहेत आणि दिव्यासमोर धरायची हिंमत होत नाहीये.

बारकावे

लागण वगैरे होत नाही, ही बुरशी नव्हे. (बुरशीही येते, पण तो वेगळा विषय.)

सीडी म्हणजे १२० मिलिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाड पॉलीकार्बोनेटची चकती. आपल्याला वाटतं गाणं खालच्या चकचकीत बाजूला असतं. प्रत्यक्षात ते वरच्या अंगाला, लेबलाच्या अगदी खाली असतं. तिथे प्लॅस्टिकमध्ये सूक्ष्म खळगे दाबलेले, त्यावर ॲल्युमिनियमचा १०० नॅनोमीटरहूनही पातळ थर, त्यावर लॅकरचा काही मायक्रॉनचा लेप आणि वर छपाई. लेसर खालून येतो, अख्खं प्लॅस्टिक ओलांडून ॲल्युमिनियमवर आपटतो आणि परत फिरतो. म्हणजे गाण्याला खालून चिलखत आहे आणि वरून नुसता मुलामा. आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं खालची बाजू जपली आणि सीडी लेबलावर पालथी घालून टेबलावर सरकवली. उलटा कारभार!

लॅकरला चीर गेली किंवा कडेला तो नीट बसलेलाच नसला, की हवा आणि दमटपणा आत शिरतो. ॲल्युमिनियमचं ऑक्साइड होतं, ते पारदर्शक असतं, आणि लेसरला परतवायला तिथे काही उरत नाही. आता तुमच्या सातव्या-आठव्या गाण्याचं कोडं. सीडीचा मार्ग आतून सुरू होऊन बाहेर जातो, रेकॉर्डच्या बरोबर उलट. सडणं कडेनं सुरू झालं की शेवटची गाणी आधी जातात. म्हणून जुनी सीडी तपासताना पहिलं गाणं लावून 'ठीक आहे' म्हणू नये, शेवटचं लावावं.

मात्र प्रत्येक ठिपका म्हणजे रोग नव्हे. धातूचा थर चढवतानाच राहिलेली टाचणीच्या टोकाहून लहान भोकं पुष्कळ सीड्यांत पहिल्या दिवसापासून असतात आणि ती निरुपद्रवी असतात. आज फोटो काढून ठेवा, सहा महिन्यांनी परत काढा. वाढली असतील तर समजायचं.

अनाहूत श्रोता

एवढं काही नसतं हो. माझ्याकडे १९८६ सालची सीडी आहे, आजही खणखणीत वाजते. आणि नसली वाजत तरी काय बिघडलं? आता सगळं स्ट्रीमिंगवर मिळतं. ३४० सीड्या उतरवत बसणं म्हणजे हौसेला मोल नाही.

बारकावे

'खणखणीत वाजते' यातच तर मेख आहे.

सीडीवर आवाजाचे आकडे सरळ ओळीत लिहिलेले नसतात. शेजारशेजारचे आकडे मुद्दाम लांबलांब पसरवतात आणि जोडीला रीड-सॉलोमन पद्धतीचे तपासणीचे आकडे घालतात. त्यामुळे मार्गाचा सलग साधारण अडीच मिलिमीटरचा तुकडा पुसला गेला तरी मूळ आकडे गणितानं जसेच्या तसे परत मिळतात. हे अपवादानं नाही, सतत चालू असतं. नव्याकोऱ्या सीडीतही चुका असतात; मानकानुसार सेकंदाला येणाऱ्या ७,३५० चौकटींपैकी (चौकट म्हणजे आकड्यांचा एक छोटा गठ्ठा) सरासरी २२० पर्यंत सदोष चालतात.

नुकसान त्यापुढे गेलं की प्लेअर थापा मारायला लागतो. मागचा नमुना (म्हणजे आवाजाचा त्या क्षणाचा आकडा) आणि पुढचा नमुना बघून मधला अंदाजानं भरतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यातले काही असे अंदाजपंचे भरले तर कोणाच्या कानाला कळणार? तेही जमेना झालं की मग आवाज तुटतो किंवा 'टक्' होतं. म्हणजे तुम्हाला पहिलं 'टक्' ऐकू येतं तेव्हा आतल्या दोन तटबंद्या आधीच पडलेल्या असतात. कॅसेट बिघडताना घरघरते, खरखरते, आधी सांगून जाते. सीडी शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचं सोंग आणते.

तुमची १९८६ची सीडी उत्तम असेलही, मी नाही म्हणत नाही. पण ते कान नाही सांगू शकत, ड्राइव्ह सांगतो.

सुरेल गोंधळ

स्ट्रीमिंगबद्दल माझे दोन शब्द. माझ्या यादीतली अकरा गाणी गेल्या वर्षभरात करड्या रंगाची झाली, म्हणजे नाव दिसतं पण वाजत नाही. काही तिथे आहेत, पण ती 'नव्यानं मास्टर केलेली' आवृत्ती, आवाज इतका चढवलेला की हळुवार जागाच उरलेल्या नाहीत. माझ्या सीडीवरचं मुद्रण वेगळं आहे. मला तेच हवं.

अनाहूत श्रोता

बरं बाबा, अर्धं पटलं. शेवटचं गाणं लावून बघतो.

खोकेबहाद्दर

तपकिरी सीड्यांबद्दल. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या बऱ्याच सीड्यांना हा आजार झाला. तिथे वापरलेलं लॅकर पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकापुढे टिकलं नाही. आतला परावर्तक थर काळवंडत गेला आणि सीडी कडेकडून आत काशासारखी तपकिरी होत गेली. संग्राहकांच्या जगात हे प्रकरण गाजलेलं आहे. तुमच्या दोन त्यातल्याच असतील असं नाही, पण तपकिरी रंग कडेकडून आत सरकत असेल तर त्या दोन सगळ्यात आधी उतरवा. आजच.

आणखी एक जागा बघा. दोन-तीन सीड्यांचे जुने जाड संच असतील तर आत फोमचा पातळ तुकडा घातलेला असतो. तो काढून फेकून द्या. फोम कालांतरानं विरघळल्यासारखा चिकट होतो आणि लेबलाच्या बाजूला डकतो. ओढून काढायला गेलं की लॅकरसकट निघतो. माझा एक सुंदर संच असाच गेला. सांभाळून ठेवण्यासाठी घातलेल्या वस्तूनंच घात केला.

रात्रपाळी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते.

आई घरी गायची. बाहेर कधी गायली नाही. तिची एक कॅसेट होती, ती दादानं २००३ मध्ये कॉम्प्युटरवर घेऊन त्याची ऑडिओ सीडी राइट केली. सहा गाणी, काठोकाठ सत्तर मिनिटं. कॅसेट नंतर टेपमध्ये गुंडाळली जाऊन तुटली, दादाच्या त्या कॉम्प्युटरचा तर आता पत्ताही नाही. उरली ती सीडी. ती खिडकीजवळच्या फळीवर, पारदर्शक डबीत होती. वर गोल स्टिकर लावून आईचं नाव लिहिलंय. आता पहिली तीन गाणी वाजतात, चौथ्यापासून नुसती कुरकुर. एका ओळखीच्यांनी सुचवलं की टूथपेस्टनं पुसा. दुसरे म्हणाले, आधी स्टिकर काढा. धाडस होत नाही. काय करू?

बारकावे

ताई, काहीही करू नका. ना पेस्ट, ना स्टिकर. आधी हे नीट वाचा.

घरी राइट केलेल्या सीडीत दाबलेले खळगे नसतातच. सेंद्रिय रंगाचा एक थर असतो आणि लेसरनं त्यावर डाग पाडलेले असतात. मागे परावर्तनासाठी चांदीचा, क्वचित सोन्याचा थर. त्या रंगांचे मुख्य प्रकार तीन: सायनिन, थॅलोसायनिन आणि ॲझो. तिन्ही कमीजास्त प्रमाणात उजेडाला आणि उष्णतेला भितात, सायनिन सगळ्यात जास्त. थेट ऊन लागत असेल तर डाग आणि कोरी जागा यातला फरकच मिटत जातो. म्हणून विकतच्या सीडीपेक्षा घरच्या सीडीची घाई जास्त, आणि नेमकं जे जगात दुसरीकडे कुठेच नाही ते आपण घरच्या सीडीवर ठेवलेलं असतं.

स्टिकर ओढलात तर परावर्तक थर त्याच्यासोबत सोलून येईल, मग जगातलं कोणतंच यंत्र काही करू शकणार नाही. टूथपेस्टनं खालच्या प्लॅस्टिकवरचा ओरखडा घासून सौम्य होतो कधीकधी. तुमचं दुखणं तिथे नाहीच.

सीडी काळोख्या, कोरड्या, थंड जागी उभी ठेवा. वाजवून बघणं थांबवा. आता सगळ्यात महत्त्वाचं: दादांनी तेव्हा एकच प्रत काढली होती का?

रात्रपाळी

अगं बाई! मावशीला एक दिली होती. विचारते.

तांत्रिक टिकोजी

मावशीची प्रत येईपर्यंत तबकडीवाल्यांच्या प्रश्नाकडे वळतो. लांबलचक आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

गाणी उतरवायला कुठलाही म्युझिक प्लेअर वापरू नका. ते घाईनं वाचतात, चूक झाली तर गप्प बसतात. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा डीबीपॉवरॲम्प, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर सीडीपॅरानोइया किंवा व्हिपर. ही मंडळी संशयी आहेत: शंका आली की तोच तुकडा पुन्हा वाचतात, आणि जिथे खात्री नाही ते लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, लिहून ठेवतात.

पण ड्राइव्ह स्वतःच खोटं बोलत असेल तर? त्यावर ॲक्युरेटरिप हा तोडगा आहे. तुमच्या गाण्याची बेरीज, म्हणजे चेकसम, जगभरच्या लोकांनी त्याच सीडीवरून काढलेल्या बेरजेशी ताडून पाहतात. अनोळखी लोकांच्या वेगवेगळ्या ड्राइव्हवर तोच आकडा आला असेल तर तुमची प्रत बरोबर, विषय संपला. प्रत्येक ड्राइव्ह वाचायला काही नमुने पुढेमागे सुरू करतो, तो फरक एकदा सेट करून घ्यावा लागतो, नाहीतर आकडे जुळत नाहीत. याच धर्तीवर क्यूटूल्सचा डेटाबेस आहे. त्याची मजा अशी की त्यात दुरुस्तीचा मसालाही साठवलेला असतो. थोडीफार पडझड असेल तर इतरांच्या प्रतीच्या आधारानं तुमची फाइल खरोखर दुरुस्त होते. तुमच्या बासरीच्या सातव्या गाण्याला हे करून बघा.

सीडी दुर्मीळ असेल आणि डेटाबेसात नसेल, तर दोन वेगळ्या ड्राइव्हवर दोनदा वाचा आणि बेरजा ताडा. एकाच ड्राइव्हवर दोनदा वाचून उपयोग कमी, तो तीच चूक दोनदा करू शकतो.

गाणी फ्लॅक या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा. आवाजातला एकही आकडा गमवत नाही आणि जागा साधारण निम्मी ते साठ टक्के लागते. शिवाय फाइलच्या पोटात मूळ आवाजाची एमडी५ बेरीज असते, म्हणजे दहा वर्षांनीही एका आज्ञेत कळतं की फाइल शाबूत आहे की नाही. एमपी३ फोनसाठी हवी तर त्यातूनच काढा. उलटा प्रवास होत नाही.

जाता जाता एक खोड सांगतो, कारण माझे यात दोन महिने गेलेत. ऐंशीच्या दशकातल्या काही सीड्या प्री-एम्फसिस लावून बनवलेल्या आहेत. मुद्रणात वरच्या पट्टीचे स्वर मुद्दाम चढवलेले असतात आणि सीडीवरची एक खूण वाचून प्लेअर ते उतरवतो. फाइलमध्ये उतरवताना ते आपोआप उतरत नाहीत. मग फाइल कर्कश वाटते आणि माणूस म्हणतो, डिजिटलच वाईट. सॉक्स या ऑडिओ प्रोग्रामच्या डीएम्फ फिल्टरनं नीट होतं. आधी न बदललेली प्रत ठेवा, मग दुरुस्त केलेली वेगळी काढा.

जुना रेडिओ

प्री-एम्फसिस! माझ्या एका सीडीचा प्लेअरवरचा आवाज आणि फाइलचा आवाज वेगळा का, यावर मी घरात वाद घातलाय. हरलो होतो. आता जातो परत.

तबकडीवाला

टिकोजी, दंडवत. एक शंका: स्वच्छ कशी करायची? मी आजवर गोल गोल पुसत आलोय.

तांत्रिक टिकोजी

नेमकं तेच करू नका. मऊ कापडानं मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. आडवा ओरखडा उठला तर तो प्रत्येक फेऱ्याला जेमतेम कापून जातो, तेवढं गणित सांभाळून घेतं. गोल ओरखडा मात्र मार्गाच्या बरोबरीनं धावतो आणि सलग मोठा तुकडा खातो. दोन फेऱ्यांत अंतर १.६ मायक्रॉन, एका केसाच्या जाडीत चाळीसेक फेरे मावतात, यावरून अंदाज करा.

आणि लेबलावर पेननं लिहू नका, शाईतला द्रव लॅकरमधून झिरपू शकतो. लिहायचंच तर मधल्या पारदर्शक कड्यावर.

खोकेबहाद्दर

उतरवून झाल्यावर सीड्या फेकू नका हेही लिहा कोणीतरी. माझ्या एका मित्रानं सगळं उतरवलं, सीड्या वाटून टाकल्या, आणि चार महिन्यांत हार्ड डिस्क बसली. प्रत एकच होती.

सुरेल गोंधळ

तीन-दोन-एक म्हणतात ते हेच. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. मी एक डिस्क बहिणीकडे ठेवते, आम्ही भेटलो की अदलाबदल. बंद करून कपाटात वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) नको, वीज न मिळाल्यास त्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो.

अवांतर: पुस्तिकाही स्कॅन करा हो. तबल्यावर कोण, तानपुऱ्यावर कोण, कुठल्या वर्षी मुद्रण झालं, हे बहुतेक वेळा फक्त तिथेच असतं. ऑनलाइन यादीतून आपोआप येणारी नावं अर्धवट असतात. एका संचात माझ्याकडे सगळे राग 'ट्रॅक १', 'ट्रॅक २' म्हणून आलेत.

तबकडीवाला (पाच आठवड्यांनंतर)

धागा वर काढतोय, हिशेब द्यायला. रोज आठ-दहा याप्रमाणे सगळ्या ३४० झाल्या.

२७९ सीड्या ॲक्युरेटरिपशी तंतोतंत जुळल्या. त्यात ठिपकेवाल्या तीसपैकी २४ होत्या, म्हणजे बारकावे म्हणाले तसं बहुतेक ठिपके निरुपद्रवीच. डेटाबेसात नसलेल्या ४५ सीड्या दोन ड्राइव्हवर वाचून आकडे जुळवले; त्यात घरच्या बऱ्याच होत्या. ११ सीड्यांत एकदोन गाणी संशयास्पद, पैकी सात क्यूटूल्सनं दुरुस्त केल्या. बासरी त्यातच आली! आठवं गाणं पूर्ण ऐकलं. पाच मात्र गेल्या. पाचही घरी राइट केलेल्या, आणि पाचही मी 'नीट दिसाव्यात' म्हणून बैठकीच्या खोलीत उघड्या फळीवर लावलेल्या.

तपकिरी दोन्ही वाचल्या, पण एकीला शेवटच्या गाण्यासाठी रात्रभर लागले.

अनाहूत श्रोता

१९८६ची सीडी मीही तपासली. आकडे जुळले. मात्र १९९२ची एक, जी 'खणखणीत' वाजत होती, तिच्या शेवटच्या दोन गाण्यांत चुकाच चुका. बारकावे, शब्द मागे घेतो.

रात्रपाळी

मलाही हिशेब द्यायचाय.

मावशीची प्रत तिच्या लोखंडी कपाटात साड्यांखाली सापडली. काळोखात, वीस वर्षं, कधीच न वाजवलेली. (ती म्हणाली, ऐकवत नाही गं.) त्यावर स्टिकर नव्हता. चौथं आणि पाचवं गाणं पूर्ण निघालं. दुसऱ्यात एक ओरखडा होता, ते माझ्या प्रतीतून घेतलं. टिकोजींनी सांगितल्याप्रमाणे दोन्हींचे आकडे काही नमुन्यांनी सरकलेले होते, ते जुळवल्यावर बाकी सगळं सारखं निघालं. दादानं दोन्ही एकाच फाइलवरून राइट केल्या असणार.

सहाव्या गाण्यात शेवटाकडे चार सेकंद दोन्ही प्रतींत गेलेत. तीन ड्राइव्ह बदलून पाहिले, सगळ्यात कमी वेगानं वाचलं. नाही आले. त्याच गाण्यात तीच ओळ आधी दोनदा येते, त्यामुळे दादा म्हणाला, तिथलं कापून इथे चिकटवूया, कोणाला कळणार नाही. काय करावं?

बारकावे

चिकटवलेली प्रत ऐकायला ठेवा हवी तर, पण वेगळ्या नावानं. मूळ प्रतीत जागा रिकामीच राहू द्या. उद्या आणखी कोणाकडे तिसरी प्रत निघाली तर नेमकं कुठे भरायचं ते कळलं पाहिजे.

रात्रपाळी

तसंच केलं. फाइलच्या नोंदीत लिहिलंय: '१० मि. ४१ से. ते १० मि. ४५ से. दोन्ही तबकड्यांत आवाज नाही.' चिकटवलेली काढलीच नाही शेवटी. मावशीला फोनवर पाचवं गाणं ऐकवलं. ती म्हणाली, मागे कुकरची शिट्टी ऐकू येते बघ. आम्हाला कोणालाच आली नव्हती. हेडफोन लावून परत ऐकलं. आहे.

तांत्रिक टिकोजी

लॉग फाइलपण ठेवलीत ना?

रात्रपाळी

हो हो, तिन्ही ड्राइव्हच्या. एक प्रत मावशीच्या कपाटात, साड्यांखाली.